इंजिन थांबतंय? मग चोर शोधा!

मुलांनो, गरम चहाच्या कपावर ठेवलं की आपोआप फिरू लागणारं चकतीसारखं इंजिन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कुणी विज्ञान प्रदर्शनासाठी शीतपेयाचे रिकामे डबे, फुग्याचं रबर आणि जुनी सीडी वापरून तसलं इंजिन घरी केलंही असेल. पेट्रोल लागत नाही, वाफ लागत नाही. आत असते फक्त कोंडलेली हवा. एका बाजूला ऊब दिली आणि दुसरी बाजू गार ठेवली, की चाक फिरायला लागतं. याचंच नाव स्टर्लिंग इंजिन.

पण खरं सांगा, पुढे काय होतं? दोन मिनिटं चाक झोकात फिरतं. मग मंदावतं, अडखळतं आणि थांबतं. बोटानं ढकललं की चार फेऱ्या मारतं, पुन्हा थांबतं. शेजारी उभा असलेला मित्र लगेच सल्ला देतो, "एका मेणबत्तीनं काय होणार? तीन लाव!" तीन मेणबत्त्या लागतात. फुग्याचं रबर चिकट होतं, सांध्यांना लावलेला डिंक सुटतो, आणि महिनाभर खपून केलेलं इंजिन माळ्यावर जाऊन पडतं. "मला नाही जमत ही विज्ञानबिज्ञानाची कामं," असं म्हणत त्याचा मालक क्रिकेट खेळायला निघून जातो.

थांबा! इंजिन माळ्यावर टाकू नका. त्यात बहुतेक वेळा मोठा दोष नसतोच. तुम्ही दिलेली उष्णता वाटेत चोरीला जात असते. आणि घरात चोर शिरले असतील तर जास्त पैसे आणून ठेवून काय उपयोग? आधी चोर पकडायला हवेत. आज आपण तेच करणार आहोत.

आत चालतं तरी काय?

चोर पकडायचे तर घराचा नकाशा ठाऊक हवा. डब्याच्या आत एक हलका, सैलसर दट्ट्या वर-खाली होत असतो. त्याच्या आणि डब्याच्या भिंतीमध्ये थोडी फट असते. तो हवा दाबत नाही, फक्त इकडून तिकडे ढकलतो. इंग्रजीत त्याला डिस्प्लेसर म्हणतात. आपण त्याला 'ढकल्या' म्हणू या. ढकल्या वर गेला की हवा फटीतून खाली, म्हणजे गरम तळाशी येते, तापते आणि फुगते. ढकल्या खाली आला की हवा वर, गार झाकणाशी जाते, निवते आणि आक्रसते.

या फुगण्या-आक्रसण्यानं दुसरा एक छोटा दट्ट्या, किंवा त्याच्या जागी ताणून बसवलेलं फुग्याचं रबर, बाहेर-आत होतं. चाकाला फिरवतो तो हा दुसरा दट्ट्या. चाक फिरलं की तेच ढकल्याला पुन्हा वर-खाली करतं. म्हणजे दट्ट्या चाकाला फिरवतो, चाक ढकल्याला हलवतं, ढकल्या हवेला हलवतो आणि हवा पुन्हा दट्ट्याला हलवते. यातला एक जरी आळसावला तरी सगळे थांबतात.

एका पाद्र्याचं इंजिन

या इंजिनाचे जनक रॉबर्ट स्टर्लिंग. त्यांचा जन्म १७९० साली स्कॉटलंडमध्ये झाला. व्यवसायानं ते चर्चमधले धर्मोपदेशक, पण हात सतत यंत्रात! १८१६ साली, म्हणजे वयाच्या पंचविशीत, त्यांनी आपल्या इंजिनाचं पेटंट मिळवण्यासाठी अर्ज केला. त्या काळी सगळीकडे वाफेच्या इंजिनांचं राज्य होतं. कोळसा भरमसाट लागे. बॉयलर फुटून माणसं दगावत.

स्टर्लिंग यांच्या पेटंटमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट कोणती होती, ठाऊक आहे? उष्णता वाचवण्याची! गरम हवा गार बाजूकडे जाताना तिची उष्णता वाटेतच काढून ठेवायची, आणि तीच हवा परत येताना तिला ती परत द्यायची, अशी सोय त्यांनी केली होती. जणू शाळेत आत जाताना छत्री कोपऱ्यात ठेवायची आणि घरी निघताना तीच उचलायची. दर वेळी नवी छत्री विकत घ्यायला नको! या सोयीला त्यांनी 'इकॉनॉमायझर', म्हणजे काटकसर करणारा, असं नाव दिलं. आज त्याला रीजनरेटर म्हणतात.

पुढे रॉबर्ट आणि त्यांचे इंजिनिअर भाऊ जेम्स यांनी मोठी इंजिनं केली. १८४३ साली डंडी शहरातल्या लोखंडाच्या ओतशाळेत त्यांचं एक इंजिन यंत्रं चालवू लागलं. कोळसा कमी लागे. पण गरम बाजूचा तळ सतत लालभडक तापायचा, आणि त्या काळचं बिडाचं लोखंड ती आच सोसू शकत नव्हतं. तळ पुन्हा पुन्हा निकामी झाले. जेमतेम चार वर्षांत ते इंजिन काढून तिथं पुन्हा वाफेचं इंजिन बसवावं लागलं. म्हणजे पाहा, 'आणखी तापवा' या वाटेवर खुद्द स्टर्लिंग यांचंही इंजिन अडलं होतं! पुढे १८७६ साली, वयाची पंचाऐंशी उलटल्यावर, त्यांनी एका पत्रात लिहिलं की बेसेमर यांच्या पद्धतीचं पोलाद तेव्हा असतं तर ते इंजिन यशस्वी झालं असतं. दोनच वर्षांनी, १८७८ साली ते वारले.

त्यांचं इंजिन मात्र संपलं नाही. आपल्या देशात वीज सगळीकडे पोचली नव्हती तेव्हा खाली रॉकेलचा दिवा लावून फिरणारे गरम हवेचे पंखे वापरात होते. तेही याच जातीचे. १९९६ साली स्वीडनच्या आरमारात आलेल्या गोटलंड या पाणबुडीतही स्टर्लिंग इंजिनं बसवलेली आहेत.

उलटी वाट

आता गंमत ऐका. क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठात इव्हो कोलिन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी उलटा विचार केला. जास्त तापवायचं नाही, उलट कमीत कमी उष्णतेवर इंजिन चालतं का ते पाहायचं! १९८३ साली त्यांनी डुब्रोव्हनिक इथं एक इंजिन चालवून दाखवलं. ते उकळत्या पाण्यावर सुरू झालं आणि पाणी निवत गेलं तरी चालतच राहिलं. गरम आणि गार बाजूंमध्ये केवळ १५ अंश सेल्सिअसचा फरक उरेपर्यंत ते थांबलं नाही!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेम्स सेन्फ्ट नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी हेच काम पुढे नेलं. १९९० साली त्यांचं एक इंजिन अवघ्या अर्ध्या अंशाच्या फरकावर चाललं. अर्धा अंश! अंगात ताप आहे की नाही हे आईच्या हाताला जेवढ्या फरकानं कळतं, त्याहूनही कमी.

या दोघांनी जादू केली नव्हती. घर्षण कमी केलं, गळती थांबवली, भाग हलके केले, मापं नेमकी ठेवली. आज बाजारात मिळणारी, तळहाताच्या उबेवर चालणारी इंजिनं त्याच कामाची लेकरं आहेत.

शंभर पैशांचा हिशेब

इंजिनाला दिलेली उष्णता म्हणजे एक रुपया, शंभर पैसे, असं समजा. त्यातले जास्तीत जास्त किती पैसे कामाला येतील? याचा नियम फ्रान्सच्या सादी कार्नो यांच्या १८२४ सालच्या विचारांतून आला. गणित सोपं आहे. दोन्ही बाजूंच्या तापमानांत आधी २७३ मिळवा. मग दोघांतल्या फरकाला गरम बाजूच्या आकड्यानं भागा.

समजा तळ ८० अंशांवर आहे आणि वरचं झाकण ३० अंशांवर. मिळवल्यावर झाले ३५३ आणि ३०३. फरक ५०. पन्नासला ३५३ नं भागलं की येतात सुमारे १४ पैसे. इंजिन कितीही उत्तम असलं तरी रुपयातले चौदाच पैसे! बाकीचे गार बाजूला जाणारच. आणि या चौदा पैशांवरच सगळे चोर टपलेले असतात. आपल्या छोट्या इंजिनात त्यांनी बाराही पळवले तर नवल नाही. म्हणून त्यांतला एक पैसा वाचवला तरी चाकाची चाल बदलते.

आधी मोजा, मग बदला

चोर पकडायच्या आधी एक वही घ्या. चाकाच्या कडेला रंगीत कागदाचा बारीक तुकडा चिकटवा. इंजिन सुरू करून १५ सेकंदांत तो तुकडा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारनं गुणा. झाल्या मिनिटाच्या फेऱ्या! १५ सेकंदांत ३० वेळा आला तर मिनिटाला १२० फेऱ्या. हे तीनदा करा आणि सरासरी काढा. इंजिन किती वेळ चाललं तेही लिहा. पाणी किती गरम होतं, कप किती भरला होता, हे दर वेळी सारखंच ठेवा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं?

आता एकेका चोराकडे वळू या.

चोर पहिला : घर्षण

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चोरटा चोर हाच. त्याला पकडायची युक्ती सांगतो. इंजिन गार असताना फुग्याचं रबर किंवा लहान दट्ट्या सुटा करा, म्हणजे आत हवा कोंडली जाणार नाही. आता चाकाला बोटानं एक टिचकी द्या आणि ते थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. चाक बराच वेळ आरामात फिरून हळूहळू थांबलं तर छान. कुठंतरी गचकन अडकून थांबलं तर चोर तिथंच बसला आहे!

मग एकेक जागा तपासा. क्रँकची तार वाकडी आहे का? ती भोकात तिरकी बसली आहे का? ढकल्या डब्याच्या भिंतीला घासतो आहे का? कान लावून ऐका, घासण्याची बारीक खरखर ऐकू येते. दांड्या सरळ आणि मोकळ्या हव्यात. तार जिथं फिरते तिथं भोक गुळगुळीत करा.

विकत आणलेल्या इंजिनात काळ्या ग्रॅफाइटचा दट्ट्या काचेच्या नळीत सरकत असतो. त्याला तेल लावायचा मोह होतो. लावू नका! तेल चिकटून राहतं, त्यात धूळ बसते आणि दट्ट्या जड होतो. ग्रॅफाइट स्वतःच घसरडं असतं. नळी कोरड्या, मऊ कापडानं पुसली की पुरे. आसाभोवती केस किंवा दोरा गुंडाळला गेला असेल तर चिमट्यानं काढा.

चोर दुसरा : गळती

रबर जोडा आणि चाक बोटानं अगदी हळू फिरवा. आतली हवा बोटाला स्प्रिंगसारखा विरोध करते का? एका जागी चाक धरून थांबा. विरोध तसाच टिकला तर डबा घट्ट आहे. लगेच विरला तर कुठंतरी हवा निसटते आहे. सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावा आणि चाक हळू फिरवून हवा दाबा. जिथं बुडबुडा येईल तिथं भोक!

सगळ्यात अवघड जागा म्हणजे ढकल्याची तार जिथून झाकणाबाहेर येते ते छिद्र. छिद्र सैल असेल तर हवा गळते. घट्ट केलं तर पहिला चोर, म्हणजे घर्षण, परत येतो. दोन्ही चोरांना एकाच वेळी बाहेर ठेवायचं ही खरी कसोटी.

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांनी डब्यांचं इंजिन केलं होतं. ते काही केल्या चालेना. मुलं ज्योत वाढवत होती. गटातली एक मुलगी मात्र टिचकी मारून सेकंद मोजत बसली होती. चाक दर वेळी सहा-सात सेकंदांतच थांबायचं. तिनं वाकून पाहिलं तर तार पत्र्याच्या कडेवर घासत होती. तिनं काय करावं? बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलच्या पितळी नळीचा बोटभर तुकडा घेऊन त्या छिद्रात उभा बसवला आणि तार त्यातून घातली. नळी लांब असल्यानं हवा सहज गळेना आणि गुळगुळीत असल्यानं तार घासेना. चाक आता वीस सेकंदांच्या वर फिरू लागलं. त्याच दुपारी, त्याच एका मेणबत्तीवर, इंजिन चाललं!

चोर तिसरा : तापलेलं झाकण

"इंजिन सुरू तर होतं, पण दोन मिनिटांत थांबतं," ही तक्रार असेल तर तिसरा चोर पकडा. खालची उष्णता डब्याच्या पत्र्यातून हळूहळू वर चढते. झाकणही गरम होतं. मग हवा निवणार कुठं? गरम बाजू आहे तशीच असते, पण फरक संपतो. आणि स्टर्लिंग इंजिन चालतं ते फरकावर!

आपला हिशेब आठवा. तळ ८० अंश आणि झाकण ३० अंश तेव्हा १४ पैसे. झाकण तापून ४५ वर गेलं की उरतात सुमारे १० पैसे. पण झाकणावर बर्फाची पिशवी ठेवून ते १० अंशांवर आणलं तर? जवळजवळ २० पैसे! झाकण ३० अंशांवरच ठेवून, नुसता तळ तापवून हे वीस पैसे मिळवायचे म्हटले, तर तळ १०५ अंशांवर न्यावा लागेल. उकळतं पाणीसुद्धा तेवढं गरम नसतं. जे काम उकळत्या पाण्याला जमत नाही ते मूठभर बर्फ करतं!

म्हणून डब्याच्या इंजिनाच्या वरच्या भागाभोवती पत्र्याची पाळ करून त्यात गार पाणी ठेवा, किंवा ओल्या कापडाची पट्टी गुंडाळा. कपावरच्या इंजिनाला झाकणावर थंड पाण्यानं ओला केलेला टीपकागद पुरतो. थंडीच्या सकाळी तुमचं इंजिन जास्त जोरात का पळतं, तेही आता कळलं ना?

चोर चौथा : रिकामटेकडी हवा

डब्यातली जी हवा कधी धड तापत नाही, कधी धड निवत नाही, ती काहीच काम करत नाही. उलट इतर हवेनं तयार केलेला दाब तीच गिळून टाकते. वर्गात काही जण नुसतेच बसून राहतात ना, तसं! ढकल्या वर-खाली जाताना दोन्ही टोकांना जवळजवळ टेकला पाहिजे, पण आपटता कामा नये. त्याच्या भोवतालची फट डब्याच्या इंजिनात दोन-तीन मिलिमीटर पुरे. डब्यापासून लहान दट्ट्याकडे जाणारी नळी आखूड ठेवा.

ढकल्या कशाचा करायचा हेही महत्त्वाचं. तो हलका हवा आणि त्यातून उष्णता पलीकडे जाता कामा नये. कपावरच्या इंजिनाला थर्मोकोल उत्तम. ज्योतीवरच्या इंजिनात मात्र थर्मोकोल कधीच नको, तो वितळतो. तिथं भांडी घासायच्या बारीक लोखंडी तारेच्या घासणीचा सैलसर गोळा करा. हवा त्या तारांमधून जाताना आपली उष्णता तारांना देते आणि परतताना घेते. ओळखलंत का? हाच स्टर्लिंग यांचा काटकसर करणारा, छत्री सांभाळणारा कोपरा!

चोर पाचवा : चुकलेली वेळ आणि हाव

ढकल्या आणि दट्ट्या यांच्या हालचालीत पाव फेरीचं अंतर हवं. ढकल्या पुढे, दट्ट्या पाव फेरी मागे. घड्याळाच्या तबकडीवर एकाचा क्रँक १२ वर असेल तर दुसऱ्याचा ३ वर. ढकल्या टोकाला पोचलेला असताना दट्ट्या मधोमध हवा. तार वाकवून हे जुळवा.

आणि हाव कसली म्हणता? आपल्याला वाटतं, दट्ट्या जितका लांब सरकेल तितकी ताकद जास्त. पण हवा फुगून फुगणार किती? ३० अंशांची सगळी हवा ८० अंशांना नेली तर ती सुमारे साडेसोळा टक्के फुगेल. डब्यात मात्र सगळी हवा एकाच वेळी पूर्ण तापत नाही. म्हणून कमी फरकावरच्या इंजिनांसाठी कोलिन यांनी एक ठोकताळा दिला : तापमानातल्या फरकाला ११०० नं भागा. ५० अंशांसाठी उत्तर येतं सुमारे ०.०४५. म्हणजे आत एक लिटर हवा असेल तर दट्ट्यानं ४५ मिलिलिटरच जागा बदलावी. अर्ध्या लिटरला २२-२३ मिलिलिटर. याहून फार जास्त ठेवली तर हवा दाबण्यातच इंजिनाची दमछाक होते. चाक जड वाटत असेल तर क्रँकची तार थोडी आखूड करून पाहा. कमी सरकवल्यावर इंजिन जास्त पळतं, हे पाहून तुम्ही चकित व्हाल.

जाता जाता चाकाचा तोल पाहा. रबर सुटं करून चाक पाच वेळा हलकेच फिरवा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबते का? मग ती बाजू जड आहे. समोरच्या बाजूला मेणाचा छोटा गोळा चिकटवा. चाक कुठंही थांबू लागलं की तोल जमला.

एका वेळी एकच

हे सगळं वाचून एकाच संध्याकाळी सगळं बदलू नका. तार सरळ केली, बर्फ ठेवला, रबर बदललं आणि इंजिन पळालं, तर कशामुळे पळालं? कुणालाच सांगता येणार नाही. उद्या पुन्हा थांबलं तर पुन्हा अंधार! एक बदल करा, फेऱ्या मोजा, वहीत लिहा. सुधारलं तर बदल ठेवा. बिघडलं तरी लिहा. 'यानं फायदा झाला नाही' हेही उत्तरच आहे.

जपून हं!

ज्योत पेटवताना घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. कापलेल्या पत्र्याच्या कडांना चिकटपट्टी लावा. डब्यात पाणी घालून तो बंद करून कधीही तापवू नका. वाफ कोंडून डबा फुटू शकतो. पंपानं आत जास्तीची हवा भरू नका. कपावरचं इंजिन ज्योतीवर किंवा गॅसवर ठेवू नका. आणि गरम डब्याला हात लावण्यापूर्वी तो निवू द्या.

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलाचं इंजिन चालत नसतं तेव्हा तुमचा हात शिवशिवतो, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. पत्रा तुम्ही कापा, ज्योतीपाशी तुम्ही उभे राहा. पण चोर मुलांना शोधू द्या. तुम्ही फक्त विचारा, "आज काय बदललंस? मोजलंस का?" तुम्ही दुरुस्त करून दिलेलं इंजिन एक दिवस चालेल. मुलानं स्वतः चोर पकडला, तर पुढे सायकल अडली किंवा गणित अडलं तरी ते आधी 'मला जमत नाही' म्हणणार नाही. कुठं अडलं ते पाहील.

आणि हे करून पाहा

मुलांनो, इंजिन छान चालू लागलं की एक प्रयोग करा. कपावरचं इंजिन गरम पाण्याऐवजी बर्फानं भरलेल्या वाटीवर ठेवा. बर्फ तळाला नीट टेकला पाहिजे. चार-पाच मिनिटं थांबा आणि चाकाला हलकेच टिचकी द्या. उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असेल तर शून्य अंशाच्या बर्फाशी चांगला ४० अंशांचा फरक मिळतो, आणि इंजिन चालतं. ज्योत नाही, गरम पाणी नाही, खोलीतल्या हवेच्या उबेवर!

मात्र चाक या वेळी उलटं फिरेल. का बरं? घराचा नकाशा आता तुमच्याकडे आहे. गरम बाजू कुठली झाली आणि गार कुठली, ढकल्या वर गेला की हवा कुठं जाते, हे कागदावर काढून पाहा. उत्तर सापडलं की तेही वहीत लिहून ठेवा, तारीख घालून.